देवाले पान, तुले कागद

"ही बाई अर्धीच काहून नेसली?"

देवघरातून आत्याचा आवाज आला. तो नेहमीचाच होता, म्हणजे मोरीपर्यंत आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांपर्यंत एकसारखा पोचणारा. मी मोरीत होते. डोक्याला शिकेकाई चोळलेली, डोळे गच्च मिटलेले. ते मिटलेलेच राहिले, पण शिकेकाईमुळे नाही.

"कोण बाई?" स्वयंपाकघरातून आईनं विचारलं.

"मले काय माहीत कोण. फुलाच्या पुडीवर उभी आहे. गोरी आहे. वर काही नाही, खाली काही नाही, मधातच काहीतरी आवळलं आहे. अन् हसून राहिली."

मी घाईघाईनं दोन तांबे पाणी ओतलं आणि ओल्या केसांनीच बाहेर आले. देवघराच्या उंबऱ्याशी आत्या उभी होती. कागद तिनं दोन बोटांत, अंगापासून होईल तेवढा लांब धरला होता. मागच्या दारात फुलांचा रतीब घालणारी माळीण होती, टोपली कमरेवर. तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग अंगणातली पपई आजच उगवल्यासारखी तिच्याकडे बघत राहिली.

"तू वाच," आत्या मला म्हणाली. "रोज टांग्यात बसून गोऱ्या बायांच्या शाळेत जाते. काय लिहिलं आहे हिच्या पायाशी?"

ती एका इंग्रजी साप्ताहिकातली जाहिरात होती. छातीखालून मांड्यांपर्यंत आवळायच्या पट्ट्याची. हा पट्टा घातला की पोट दिसत नाही, वरून झगा नीट बसतो आणि नवऱ्याचं लक्ष पुन्हा आपल्याकडे वळतं, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: थकलेल्या पाठीलाही आधार मिळतो. मी ती ओळ निवडली.

"पाठदुखीचा पट्टा आहे," मी म्हणाले.

आत्या अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला दरवर्षी फाल्गुनात यायची ती पाठीसाठीच. इथल्या एका वैद्याचं तेल तिला मानवायचं. तिनं लांब धरलेला कागद थोडा जवळ आणला.

"गोऱ्या बायांचीही पाठ दुखते?"

"लिहिलं आहे तसं."

"पाह्य बरं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग एकदम आठवल्यासारखी माळणीकडे वळली. "हा कागद कुठला गं?"

"कॅम्पातल्या बंगल्यावरचा हाये, आत्याबाई."

"दिला कोणी?"

"खानसाम्यानं."

या एका शब्दानं सकाळ फिरली. खानसामा म्हणजे सायबाचं स्वयंपाकघर. सायबाचं स्वयंपाकघर म्हणजे कोंबडी. कोंबडीच्या पुढे जे काही असेल ते आत्या तोंडानं उच्चारणार नव्हती, म्हणून तिनं फक्त विचारलं, "किती दिवसापासून?"

"दिवाळीपासून."

आत्या पाटावर बसली. तिच्या ओठांवरून कळत होतं की ती मोजते आहे. चंपाषष्ठी, संक्रांत, गणेशजयंती, महाशिवरात्र, मधल्या सगळ्या एकादशा, आणि प्रत्येक दिवशी देवाच्या डोक्यावर बंगल्यातल्या कोंबडीचं फूल. देवांना काही झालेलं दिसत नव्हतं. बाळकृष्ण रांगत होता, गणपती बसला होता, अन्नपूर्णेच्या हातात पळी होती. पण आत्याच्या मते देवांचा स्वभावच सोसायचा. ओरडायचं काम आपलं.

"कागद काहून आणला? केळी मेल्या काय तुझ्या मळ्यातल्या?"

या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांचं होतं: ताईनं मागतला. माळणीनं ते दिलं नाही. "चुकलं आत्याबाई," एवढंच म्हणाली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. माझ्या केसांतून पाठीवर पाणी ठिबकत होतं. मी काही बोलले नाही. न बोलणं ही माझी जुनी विद्या होती, आणि त्या वर्षी तर तिला मी इंग्रजीतून आधारही मिळवला होता.

तो आधार कसा मिळाला हे सांगायला हवं.

आमचं घर मूळचं भिक्षुकांचं. आजोबांपर्यंत सगळे पूजा सांगत. वडील वकील झाले, पण देवघर तेवढंच मोठं राहिलं. वडील दिवसभर कोर्टात इंग्रजी कायद्यात बुडून येत आणि संध्याकाळी अंगावर पाणी घेऊन तो धुऊन काढत. त्यांनीच मला कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत घातलं. मुलीला इंग्रजी यावं अशी त्यांची इच्छा होती. ते तिनं कुठे बोलावं याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

शाळेतलं इंग्रजी फार उंचावरचं होतं. प्रार्थना होत्या, राजे होते, नद्या होत्या, बर्फावर चमकणारा चंद्र होता. आठ वर्षं शिकून मला इंग्लंडच्या राजांची लग्नं क्रमानं सांगता येत होती, पण बादली भरून वाहते आहे हे सांगता येत नव्हतं. एकदा मुख्य बाईंनी जिन्यात थांबवून सहज विचारलं, आज काय जेवून आलीस? मला उत्तर येईना. वांग्याच्या भाजीला इंग्रजीत आणायचं कसं, भाकरीला काय म्हणायचं, आणि म्हटलंच तर ते बाईंसमोर बरं दिसेल का, या विचारात मी उभी राहिले. बाईंनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी उपाशी आले असं त्यांना वाटलं असावं.

माळीण रोज उजाडता फुलं आणायची. तिचा मळा गावाबाहेर होता. झेंडू, शेवंती, तुळस, दूर्वा, आणि बाजूच्या वाफ्यात कोथिंबीर, मिरची, वांगी. फुलं आमच्या गल्लीत, भाजी कॅम्पातल्या बंगल्यांवर. देवाची फुलं ती केळीच्या पानात बांधायची. त्या दिवाळीनंतर एकदा पान फाटलं म्हणून तिनं वरून एक कागद गुंडाळला. बंगल्याच्या खानसाम्यानं वांग्यांवर झाकून दिलेला. मी पुडी घ्यायला मागच्या दारात गेले आणि कागद वाचत तिथंच उभी राहिले.

पत्र्याचा डबा गंजला तर काय करावं, ते त्यात होतं. इंग्रजीत. गंज, डबा, झाकण, चिंधी, राख. मी आठ वर्षं ज्या भाषेत चंद्र पाहत होते, त्या भाषेत राख होती हे मला माहीतच नव्हतं.

"आणखी आहेत का असे?" मी विचारलं.

"बंगल्यावर ढीग पडला हाये. मडम वाचते अन् फेकते. काहून?"

"मला हवेत."

माळणीनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. तिच्याशी मी त्याआधी 'आण' आणि 'ठेव' यापलीकडे काही बोलले नव्हते.

"घरी सांगतलं?"

"नाही."

"मंग असं करू," ती म्हणाली. "देवाले पान, तुले कागद. आतून पान बांधते, वरून कागद. तू कागद काढून घेजो, पान आत देजो. देवाले ठाऊक पडत नाई अन् तुह्या आईलेबी नाई."

तेव्हापासून, मी मोरीत असताना आत्यानं पुडी घेतली त्या सकाळपर्यंत, रोज तसंच चाललं. त्यामुळे कागद कधी फुलांना लागलाच नाही. खानसाम्याला एक कोथिंबिरीची जुडी जास्त जायची, आणि मला रोज अर्धं पान मिळायचं. अर्धं यासाठी की साप्ताहिकाचं पान मोठं असे. माळीण ते आडवं फाडायची, एक तुकडा आज आणि दुसरा पुढे कधीतरी, आला तर. ती कुठून फाडेल याचा नेम नसे. त्यामुळे माझं इंग्रजी अर्ध्या अर्ध्यानं वाढलं. केकमध्ये अंडी फेटून झाली की पान संपायचं. तो केक भट्टीत गेला का नाही, हे मला अजून कळलेलं नाही. एका नर्सला एका श्रीमंत माणसानं बागेत लग्नाचं विचारलं, तिनं मान वर केली आणि तिथं फाटलेलं होतं.

तरी त्या तुकड्यांतून मी इंग्लंडात इतकी हिंडले की शाळेतल्या नकाशावर तेवढी कधी हिंडले नव्हते. तिथं बायका थंडीत गरम पाण्याची बाटली घेऊन निजतात. मला आधी वाटलं, रात्री तहान लागते म्हणून. तिथं भाजलेला पाव उभा करून ठेवायला चांदीचं स्टँड असतं. तिथं नवरे न्याहारीच्या वेळी वर्तमानपत्र उघडून त्याच्यामागे बसतात आणि बायकोनं त्यावर काय करावं यावर लेख लिहिले जातात. तिथं सासवा असतात. हे वाचून मला सगळ्यात मोठा धक्का बसला. शाळेतल्या एकाही धड्यात कोणा इंग्रज बाईला सासू नव्हती.

हे सगळं मी माळणीला सांगायची. आधी तिनंच विचारलं होतं, "कालच्या कागदात काय होतं वं?" मी सांगितलं, आणि मग रोज सांगू लागले, तिला मावशी म्हणू लागले. आई आत चूल पेटवत असे, वडील आंघोळीला गेलेले असत, आणि मागच्या दारात आम्ही दोघी इंग्लंडचा हालहवाल घ्यायचो. तिला सांगायचं म्हणून मला नीट समजून घ्यावं लागे. शाळेत एवढ्या काळजीनं मी कधी वाचलं नव्हतं.

"पाव भाजतात अन् मंग थंडा करतात?" ती म्हणाली.

"हो. उभा करून."

"मंग भाजतात काहून?"

मी घाईनं पुढचा लेख सांगायला घेतला.

नवऱ्यांचा लेख तिला फार आवडला. "म्हंजे थ्यायचाबी बोलत नाई," ती समाधानानं म्हणाली. "माहा तं पेपरबी वाचत नाई, तरी बोलत नाई."

पण खरी मजा बागेच्या पानावर यायची. त्या पानातले शब्द मला कळत, पण गोष्ट कळत नसे. एकदा लिहिलं होतं की फांदी झाडावरून न तोडता वाकवावी, मध्ये सालीला छेद द्यावा आणि तो भाग मातीत पुरून वर दगड ठेवावा. मी शब्दकोश घेऊन बसले होते, तरी हे फांदीला शिक्षा म्हणून करतात की काय तेच समजेना. माळणीला सांगितलं. ती हसली.

"थे तं दाब कलम झालं. मुळ्या फुटल्या का मंग तोडाची. माहा सासरा मोगऱ्याले तसाच करे."

इंग्रजी शब्द माझ्याकडे होता, दाब कलम तिच्याकडे. दोन्ही एकमेकांना भेटले ते आमच्या मागच्या दारात, शेणाच्या गोवऱ्यांशेजारी. त्यानंतर बागेचं पान आलं की मी शब्दकोश उघडतच नसे. तिला विचारत असे. फक्त एकदा तिचा इंग्रजांवरचा विश्वास उडाला. घरापुढच्या पट्ट्यात झेंडू कसा लावावा, यावर लेख होता.

"फुलं कोनाले वाहतात मंग?"

"कोणालाच नाही. पाहायला लावतात."

"नुसते पाहाले?"

"हो."

"अन् सुकले का?"

"उपटून फेकतात."

ती टोपली उचलून निघाली. थोडं पुढे जाऊन मागं वळून म्हणाली, "राज्य कसं करून राहिले वं हे लोक?"

त्या साप्ताहिकात एक सदर होतं. बायका पत्रं लिहून अडचणी विचारत आणि एक बाई उत्तरं देत. पत्र पानाच्या वरच्या भागात छापलेलं असे, उत्तर खालच्या भागात. माळीण पान आडवं फाडायची, त्यामुळे मला बहुतेक नुसती उत्तरंच मिळत. "शेजारीण बरोबर म्हणते, ते सोफ्याखालून काढून टाका." "मुळीच नाही, विशेषतः पाद्री घरात असताना." प्रश्न काय असतील ते मी मनानं रचायची. ही उत्तरवाली बाई मला शाळेतल्या सगळ्या बाईंपेक्षा शहाणी वाटू लागली होती. तिचं एक उत्तर तर मी वहीत उतरवून घेतलं होतं:

"अशा वेळी काहीही बोलू नये. मौनानं आजवर कोणाचं नुकसान झालेलं नाही. पुढच्या भेटीपर्यंत सगळे विसरून गेलेले असतील."

हे माझ्यासाठीच लिहिलं आहे अशी माझी खात्री झाली. मी लहानपणापासून बोलत नव्हते, पण ते भित्रेपणानं. आता त्याला तत्त्व मिळालं. शाळेत एक नव्या बाई वर्षभर माझं नाव चुकीचं घेत होत्या; मी तत्त्वानं दुरुस्त केलं नाही. आत्या पाहुण्यांसमोर विचारायची, "हिले इंग्रजी येते म्हणतात, पण आवाज येते का?" मी तत्त्वानं हसायची. प्रश्न काय होता हे माहीत नसताना उत्तर जन्मभरासाठी पत्करणं मूर्खपणाचं आहे, हे तेव्हा सुचलं नाही. देवघरात रोज संस्कृतातून मिळणाऱ्या उत्तरांचेही प्रश्न आम्हाला कुठे माहीत होते?

हे मी अकोल्यात बसून लिहिते आहे, आत्याच्याच ओसरीवर. इथल्या मुलींच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायला घेतलं म्हणून मी तिच्याकडे राहते. ती आत तांदूळ निवडते आहे आणि मधूनमधून विचारते, "इतकं काय लिहून राहिली?" मी सांगत नाही. पण तत्त्वानं नाही. तिला वाचून दाखवायचं आहे म्हणून.

तर त्या फाल्गुनातल्या सकाळी माळीण गेल्यावर आत्यानं निकाल दिला. सगळे देव पंचगव्यानं धुवायचे. माळणीचा रतीब बंद. आणि दुपारी हळदीकुंकवाला गेलं की गल्लीत सांगून यायचं.

"गल्लीत कशाला?" आई हळूच म्हणाली.

"त्यांच्या देवांनी काय पाप केलं? त्यांनाही हीच फुलं देते."

आमच्या गल्लीत बहुतेक घरं भिक्षुकांची आणि वकिलांची. भिक्षुकाच्या घरानं रतीब सोडला की बाकीची घरं दुसऱ्या दिवशी सोडणार, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. झेंडू आणि शेवंती बंगल्यांवर कोणी घेत नसे; तिचा फुलांचा वाफा आमच्या गल्लीवरच उभा होता. हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि माळणीला टोपली उचलतानाच ठाऊक झालं होतं.

आई म्हणाली, "निदान उद्या ती येईल तेव्हा यांच्यासमोर विचारू. एकदम बंद नको." वडील जेवून कोर्टात निघाले होते. त्यांनी जोडे घालता घालता ऐकलं आणि मान डोलावली. गल्लीत सांगणं एक दिवस पुढे गेलं.

जाहिरातीचा कागद आत्यानं तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात दगडाखाली ठेवला. "कागद विटाळाचा आहे," ती म्हणाली, "पण पट्टा कामाचा दिसते. दादाले सांगते, मुंबईहून मागव म्हणून."

दुपारी आत्या आणि आई लवंडल्या तेव्हा मी माझी ट्रंक उघडली. दिवाळीपासूनचे कागद शाळेच्या जुन्या वह्यांखाली होते. ते सापडले तर माळणीचं काही उरणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझं काही उरणार नाही, असं वाटत होतं. मोरीतल्या बंबात सकाळचे निखारे राखेखाली धुगधुगत होते. मी कागदांचा गठ्ठा घेऊन तिथे बसले आणि एकेक आत सारू लागले. डबा गंजला तर काय करावं ते गेलं. अर्धा केक गेला. नर्स आणि श्रीमंत माणूस एकदमच गेले.

मग उत्तरवाल्या बाईंचा तो तुकडा हाती आला. त्याच्या वरच्या काठावर पान फाडण्याआधीच टोपलीत लागलेला झेंडूच्या पाण्याचा पिवळा डाग होता, अर्धाच, फाटलेल्या कडेशी कापलेला. पुढच्या कागदावर खालच्या काठाला तसाच अर्धा पिवळा डाग होता. दोन्ही फरशीवर ठेवून जवळ सरकवले. डाग पुरा झाला.

वरच्या तुकड्यात प्रश्न होता. तो माझ्याकडे कितीतरी दिवस पडून होता. मी तो मागच्या बाजूच्या विणकामाच्या नमुन्यासाठी ठेवला होता आणि उलटून पाहिलाच नव्हता. कोणा एका गावातल्या बाईनं विचारलं होतं: रविवारी पाहुण्यांना पुडिंग वाढलं, त्यात साखरेऐवजी चुकून मीठ पडलं होतं. पाहुण्यांनी सगळं निमूट खाल्लं. आता पत्र लिहून त्यांची माफी मागावी का?

मी ते तीनदा वाचलं. मग त्याखाली ते उत्तर वाचलं, जे मला पाठ होतं. अशा वेळी काहीही बोलू नये.

अशी वेळ म्हणजे खारट पुडिंगची.

मी मोरीत बसून हसले. हसताना तोंडावर पदर धरावा लागला, आणि थोड्या वेळानं पदर डोळ्यांपर्यंत गेला. उरलेले कागद मी बंबात घातले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळीण आली. फुलं नुसत्या केळीच्या पानात होती, वर कागद नव्हता. तिनं पुडी उंबऱ्याबाहेरच ठेवली आणि कमरेवर हात न ठेवता उभी राहिली. तशी ती कधी उभी राहत नसे.

वडील आंघोळ करून ओसरीवर पाटावर बसले होते. उघडे, जानवं, कपाळाला गंध, आणि नाकावर कोर्टातला चष्मा. आई दाराआड होती. आत्यानं सगळा आरोप सांगितला आणि शेवटी कोनाड्यातला कागद आणून पुरावा म्हणून वडिलांच्या पुढ्यात ठेवला.

वडिलांनी कागद उचलला. चित्र पाहिलं. मग वरपासून खालपर्यंत वाचलं. पोट, झगा आणि नवऱ्याचं लक्ष, सगळं. ते खाकरले. कागद त्यांनी हळूच उलटा करून पाटाखाली सरकवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि हे वाचून कोणी सांगितलं?"

"तुह्या लेकीनं," आत्या म्हणाली. "पाठीचा पट्टा आहे. तो मागव मले. पण आधी हिचं पाह्य."

वडिलांना घरात असं अडकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगावं तर बहिणीला त्या पट्ट्याचा अर्थ समजावून द्यावा लागणार, आणि न सांगावं तर तो मुंबईहून मागवावा लागणार. त्यांनी माळणीकडे मोर्चा वळवला.

"कागद तू स्वतःच्या मनानं आणलास?"

"हो जी."

"कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाई जी."

"मग केळीची पानं असताना वरून कागद का लागला?"

माळीण गप्प राहिली. तिला पपईही दिसत नव्हती, ती फक्त खाली पाहत होती. पान आतून असायचं, कागद देवाच्या फुलाला कधी लागला नाही, एवढं म्हटलं असतं तरी तिचा अर्धा बचाव झाला असता. पण मग वरचा कागद कोणासाठी, हे विचारलं गेलं असतं. म्हणून ती तेही बोलत नव्हती. मौनानं आजवर कोणाचं नुकसान झालेलं नाही, असं लिहिणाऱ्या बाईला आमच्या ओसरीवर आणून उभं करावं असं मला वाटलं.

"बोलत नाही म्हणजे कबूल आहे," आत्या म्हणाली. "दादा, बंद कर म्हणून सांग."

वडिलांनी तोंड उघडलं. मी दारातून ओसरीवर आले. लहानपणी मी आत्यासारखी वऱ्हाडीच बोलायची, पण शाळेत गेल्यापासून मी मोठ्यांपुढे पुस्तकासारखं बोलत असे, बोलले तर. त्या वेळी पुस्तकातलं काही आठवलं नाही. मागच्या दारात रोज उजाडता जी भाषा ऐकायची तीच तोंडात आली, आणि आवाज आत्यासारखा, भिंतीपलीकडे पोचणारा निघाला.

"कागद मी मागतले. मावशीनं नाई. देवाले ती पानच देत होती, कागद मले देत होती, मले वाचाचे होते. अन् आत्या, तो पट्टा पाठीचा नाई."